डायनोवर दोन रनमध्ये इंजिन किती वेळ थंड होऊ द्यावं?

डायनोवर, म्हणजे चाक रोलरवर फिरवून पॉवर मोजणाऱ्या यंत्रावर, तुमच्या दोनशे सीसीच्या लिक्विड-कूल्ड बाईकचे लागोपाठ तीन रन (मोजणीच्या फेऱ्या) घेतले आणि पॉवर २२.८, २२.१, २१.३ हॉर्सपॉवर अशी उतरत गेली. इंजिन बिघडलंय का आणि मध्ये किती मिनिटं थांबायला हवं होतं, असं तुम्ही विचारलंय.

इंजिन बहुतेक ठणठणीत आहे. मिनिटांचा आकडा मात्र मी देणार नाही. मी सांगलीत, कुपवाड एमआयडीसीत डायनोवर काम करतो. आमची शेड पत्र्याची. जानेवारीच्या सकाळी जी गाडी चार मिनिटांत जागेवर येते, तीच एप्रिलच्या दुपारी बारा मिनिटं घेते. म्हणून घड्याळ सोडा आणि तापमान धरा. प्रत्येक रन एकाच तापमानाला सुरू झाला पाहिजे.

रस्त्यावर शंभरच्या स्पीडला रेडिएटरवर सेकंदाला जवळपास २८ मीटर वेगाने वारा आदळतो. डायनोवर गाडी जागच्या जागी आणि समोर एक पंखा. पेट्रोलमधली निम्म्याहून जास्त ऊर्जा उष्णता होऊन बाहेर पडते, ती शेडमध्येच साठते आणि इंजिन तीच गरम हवा पुन्हा ओढतं. हवा २५ अंशांवरून ४० वर गेली की तिची घनता सुमारे ५ टक्क्यांनी घटते, म्हणजे ऑक्सिजनही तेवढाच कमी. त्यात नॉकिंग (पेट्रोल अवेळी पेटून होणारी खटखट) होऊ नये म्हणून ईसीयू, म्हणजे इंजिनचा कंप्युटर, ठिणगीचं टायमिंग मागे घेतो. तुमची साडेसहा टक्क्यांची घट एवढ्यानेही होऊ शकते.

डायनोचं सॉफ्टवेअर हवामानाचं करेक्शन लावतं, म्हणजे हवेच्या तापमानानुसार आकडा दुरुस्त करतं, हे खरं, पण त्याचा सेन्सर भिंतीवर असतो. तो ३४ दाखवत असताना टाकीखालच्या एअरबॉक्समध्ये (इंजिन ज्यातून हवा ओढतं त्या डब्यात) ५० अंश मी स्वतः मोजलेत. तो फरक करेक्शनमध्ये येतच नाही.

आणि रन संपल्या संपल्या इंजिन बंद करू नका, ही चूक फार जण करतात. इंजिन थांबलं की वॉटर पंप थांबतो आणि सिलिंडर हेडमधली उष्णता उभ्या कूलंटमध्ये उतरते. बंद गाडीच्या स्कॅनरवर ९२ चा आकडा तीन मिनिटांत १०१ झालेला मी पाहिलाय. पंखा चालू ठेवून एक-दोन मिनिटं आयडलवर सोडा, मग बंद करा. टर्बो असेल तर हे आणखी जपायचं, नाहीतर बेअरिंगमधलं ऑइल करपतं.

पार थंड करणंही चुकीचंच. ऑइल कूलंटपेक्षा सावकाश तापतं. ते घट्ट असताना घर्षणातच पॉवर जाते. मी पहिला रन फक्त गरम करण्यासाठी घेतो, तो मोजत नाही. मग कूलंट ८५ ला, एअरबॉक्सची हवा आधीच्या रनच्या तीन अंशांच्या आत, असं जुळलं की पुढचा रन. तीन रन एका टक्क्याच्या आत बसले तरच ग्राहकाला कागद देतो. एअर-कूल्ड गाडीला स्पार्क प्लगच्या वॉशरखाली थर्मोकपल (तापमान मोजणारी तार) लावतो, फिनला हात लावून अंदाज घेत नाही. टायरही तापतो, त्यामुळे हवेचं प्रेशर प्रत्येक वेळी बघतो.

हे मी नुकसान करून शिकलोय. एका पोराने पैसे साठवून सायलेन्सर आणला होता. सकाळी जुन्यावर रन घेतला, भर दुपारी नव्यावर, आणि पॉवर कमी आली. मी ‘परत कर’ म्हणालो. संध्याकाळी चैन पडेना. दुसऱ्या दिवशी त्याला परत बोलावून दोन्ही सायलेन्सर एकाच तापमानाला घेतले, तर नवा सरस निघाला. आता प्रत्येक रनशेजारी कूलंट आणि हवेचं तापमान लिहिल्याशिवाय मी पुढचा रन सुरू करत नाही.

तुम्हीही डायनोवाल्याकडून ते लिहून घ्या. तापमान सारखं असूनही पॉवर उतरत असेल तर आधी क्लच बघा: आरपीएम चढतोय पण रोलरचा वेग त्या प्रमाणात वाढत नाही, तर क्लच घसरतोय. त्यानंतर चेन, आणि मग कॉम्प्रेशन.