गळा कुठे बसतो

प्रिय मुली,

अनेक आशीर्वाद. गाण्यात विशारद झालीस, आता संगीत नाटकात आणि जमलं तर पडद्यावर काम करायचंय म्हणतेस. 'गाणं येतं, अभिनय शिकून घेईन' हे तुझ्या पत्रातलं वाक्य आधी खोडून टाक. गाणं येणाऱ्या मुली पुष्कळ आहेत, अभिनय येणाऱ्याही आहेत. घोडं अडतं ते दोन्हींच्या सांध्यावर, गद्य संपून पद, म्हणजे नाटकातलं गाणं, सुरू होतं त्या दोन-तीन सेकंदांत.

'सौभद्र' घे. 1882 चं नाटक, पण शिकायला आजही त्याच्याइतकं सोयीचं दुसरं नाही. त्यातलं सुभद्रेचं 'वद जाऊ कुणाला शरण' काढ. 'वद' म्हणजे सांग. समोर सखी उभी आहे आणि तिला विचारलेला हा प्रश्न आहे. नवशिकी मुलगी काय करते? शेवटचं वाक्य संपवते, प्रेक्षकांकडे वळते, पाय रोवते, छाती भरून श्वास घेते आणि शब्द सोडून 'आ-आ' करत आलापात शिरते. सखीचा पुतळा होतो. प्रश्न विचारलाच जात नाही, मैफल सुरू होते.

तू असं कर. गद्याच्या शेवटच्या वाक्यातला एक शब्द ऑर्गनवाल्याशी ठरवून घे. त्या शब्दाखाली त्याने हलकेच 'सा', म्हणजे तुझा मूळ सूर, धरायचा. वाक्य संपल्यावर सूर आला तर मध्ये भोक पडतं आणि तिथेच प्रेक्षक खोकतात. श्वास त्याच वाक्यातल्या स्वल्पविरामावर चोरून घे. 'वद' सखीकडे बघून, जवळजवळ बोलल्यासारखं म्हण, आणि 'द' गिळू नकोस. पहिली ओळ एकदा सरळ जाऊ दे, शब्द कळू देत, मग विस्तार. विस्तारात नजर कुठेही फिरली तरी चालेल, मुखड्यावर, म्हणजे पहिल्या ओळीवर, परत येताना ती सखीकडे परत आली पाहिजे. सखीचं काम करणाऱ्या मुलीलाही तालमीत सांग की तिने ऐकायचं आहे, वाट बघत उभं राहायचं नाही.

जुन्या ध्वनिमुद्रिकांवरून पदं बसवशील तर एक लक्षात ठेव. त्या तबकडीच्या एका बाजूला जेमतेम तीन मिनिटं मावत, म्हणून गायकाने ताना दाटीवाटीने भरलेल्या असतात. रंगमंचावर तशीच्या तशी नक्कल केलीस तर ते पाठांतर वाटतं. शिवाय ती पट्टी, म्हणजे 'सा' कुठे धरायचा ती जागा, तुझी नाही. तुझी पेटीवरची काळी चार असेल, काळी पाच असेल, ती तुझ्या गळ्याने ठरवायची.

आता पट्टीचा दुसरा भाग, जो कुणी सांगत नाही. तुझं गद्य कोणत्या सुरावर बसतं ते शोध. तंबोरा लाव आणि संवाद म्हण. बोलणं बहुधा मंद्र पंचमाच्या, म्हणजे 'सा'च्या खालच्या 'प'च्या, आसपास असेल. पदाआधीची दोन-तीन वाक्यं हळूहळू वर चढवत 'सा'जवळ आणलीस की उडी मारावी लागत नाही. एवढं साधलं की निम्मं काम झालं.

गळा गाण्याने क्वचित बसतो. बसतो तो गद्याने. रागाचे संवाद मानेच्या शिरा ताणून, अ, आ अशा प्रत्येक स्वराला गळ्यात धक्का देऊन म्हटले की तिसऱ्या अंकात तार षड्ज, म्हणजे वरचा 'सा', फाटतो. संवादांची तालीमही गाण्यासारखी पोटातून श्वास घेऊन कर. सकाळी अर्धा तास खर्ज, म्हणजे खालच्या सुरांचा रियाज, प्रयोगाआधी वीस मिनिटं हलका गळा फिरवणं, जेवण तीन तास आधी. आवाज बसला तर कुजबुजून बोलू नकोस, त्यानेही ताण पडतो. सरळ मौन धर. बसलेला आवाज तीन आठवड्यांत सुटला नाही तर कान-नाक-घशाच्या डॉक्टरकडे जाऊन स्वरतंतू दुर्बिणीतून बघून घे. ज्येष्ठमधाने स्वरतंतूवरची गाठ जात नाही.

कॅमेऱ्यासमोर सगळं उलटं. 1937 च्या 'कुंकू' चित्रपटात नायिका शांता आपटे स्वतःच्या गळ्याने गायल्या. आता गाणं आधी स्टुडिओत होतं आणि सेटवर फक्त ओठ हलवायचे असतात. पण नुसते ओठ हलवलेस तर गळा निपचित दिसतो आणि लबाडी पकडली जाते. सेटवरही मोठ्याने गा. ध्वनिमुद्रणात जिथे श्वास घेतलास तिथेच घे. त्या जागा कागदावर खुणेने मांडून ठेव. स्टुडिओत माइकपासून वीतभर अंतर, 'प', 'फ', 'भ' येताना तोंड किंचित तिरकं.

पैशाचं थोडक्यात. नाटकात नाइट, म्हणजे एका प्रयोगाचं मानधन, ठरते, मालिकेत दिवसाचा दर, आणि मालिकेचा पैसा तीन-तीन महिन्यांनी हातात येतो, तेवढी शिल्लक बाळगून ये. प्रयोग रद्द झाला तर नाइटचं काय, हे आधी विचार. संकोच करू नकोस. करारावर सही करण्याआधी ध्वनिमुद्रणाच्या हक्कांचं कलम वाच. 2012 च्या कॉपीराइट दुरुस्तीनंतर गायिकेला रॉयल्टीचा हक्क आहे.

सुरुवात राज्य नाट्यस्पर्धेच्या संगीत नाटकांपासून कर. गोव्यात ओळख असेल तर जत्रेतल्या नाटकात उभी राहा. तिथे प्रेक्षक रात्रभर बसतो आणि पद पडलं तर नाराजी लपवत नाही.

आता एवढं कर. सुभद्रेची पदाआधीची चार वाक्यं आणि पदाची पहिली ओळ, मागे फक्त तंबोरा, एका दमात फोनवर रेकॉर्ड कर आणि पाठव. पट्टी कोणती ते लिही. ताना नकोत.

तुझी,
ताई