वरची अक्कलदाढ काढल्यावर चूळ भरताना पाणी नाकातून येतंय. ही सर्दी असेल का?

मला ही सर्दी वाटत नाही. दाढ काढून दहा दिवस झालेत, त्याच बाजूची नाकपुडी वाहतेय, घाण वास येतोय आणि चूळ भरली की पाणी नाकात उतरतंय, असं तुम्ही लिहिलंय. मी तोंडाच्या शस्त्रक्रिया करते. एवढं ऐकलं की पहिली शंका सायनसला, म्हणजे गालाच्या हाडातल्या नाकाला जोडलेल्या हवेच्या पोकळीला, छिद्र पडल्याचीच येते.

वरच्या मागच्या दाढांची मुळं आणि सायनसची पोकळी यांच्यामध्ये काही जणांत हाडाचा जेमतेम पापुद्रा असतो, काहींत तर नुसतंच अस्तर. दाढ निघताना ते फाटू शकतं. यात काढणाऱ्याची चूक असतेच असं नाही, म्हणून आधी राग बाजूला ठेवा आणि त्याच डॉक्टरांना आज फोन करा.

छिद्र साधारण 2 मिलिमीटरच्या आतलं असेल तर रक्ताच्या गुठळीने बहुतेक वेळा आपोआप भरतं. 5 मिलिमीटरच्या पुढचं असेल तर सहसा हिरडीचा भाग ओढून टाके घालावे लागतात. काही आठवडे उघडं राहिलं तर मात्र आतून त्वचा धरते आणि तोंडातून सायनसमध्ये कायमची वाट तयार होते. ती आपोआप बुजत नाही. त्यामुळे सर्दीच्या गोळ्या घेत वाट बघणं मला अजिबात पटत नाही.

तोपर्यंत नाक शिंकरू नका, कितीही चोंदलं तरी! शिंक आली तर दाबू नका, तोंड उघडून शिंका. स्ट्रॉ आणि सिगारेट बंद. नाक दाबून हवा सोडून बघायचा प्रयोग घरी करू नका, त्याने लहान छिद्र मोठं होऊ शकतं.

तपासणीत बहुधा सीबीसीटी स्कॅन (जबड्याचा त्रिमितीय एक्स-रे) करतील. छिद्र केवढं आहे आणि मुळाचा तुकडा आत सरकलाय का, हे त्यात दिसतं. पू असेल तर आधी तो संसर्ग आटोक्यात आणावा लागतो. पुवावर घातलेले टाके टिकत नाहीत. कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे गेलात तर दाढ काढल्याचं स्वतःहून सांगा. रुग्ण नेमकं तेच सांगायचं विसरतात आणि महिनोन्‌महिने नुसत्या सायनसचे उपचार चालू राहतात.

डोळ्याभोवती सूज आली, दिसण्यात फरक पडला किंवा तापाबरोबर मान आखडली, तर अपॉइंटमेंटची वाट न बघता थेट हॉस्पिटल गाठा.