वाचक विचारतात : शॉकअप आणि स्प्रिंग घरच्या घरी

प्रश्न : माझी 2013 ची स्विफ्ट आहे, लाखाच्या वर किलोमीटर झालेत. यंदाच्या पावसाळ्यानंतर खड्ड्यात गेली की पुढून ठकठक येते आणि मागची बाजू डुलत राहते. चारही शॉकअप आणि स्प्रिंग स्वतःच बदलावेत असा विचार आहे. सोसायटीच्या पार्किंगमध्ये करता येईल का? (एक वाचक, सातारा)

उत्तर : मागचे करा, पुढचे अर्धे करा. हे अर्धं का म्हणतोय ते नीट वाचा, कारण गाडीच्या घरगुती कामांत मला ज्याची खरी भीती वाटते ते काम हेच आहे.

आधी एक बघून घ्या, शॉकअप खरंच गेलेत का? त्याच्या बॉडीवर हात फिरवा, नुसती तेलकट धूळ असेल तर ठीक, पण ओघळ आलेला दिसला तर तो गेला. आणि पुढची ठकठक शॉकअपचीच असेल असंही नाही, लिंक रॉड (शॉकअपच्या बाजूची छोटी जोडदांडी), लोअर आर्मचे म्हणजे चाकाला धरणाऱ्या खालच्या दांड्याचे रबरी बुश, वरचं माउंटिंग, यातलं काहीही असू शकतं, लिंक रॉड तर बऱ्याचदा असतो आणि तो शॉकअपपेक्षा कितीतरी स्वस्त पडतो.

आता मागची बाजू. स्विफ्टला मागे टॉर्शन बीम (दोन्ही मागच्या चाकांना जोडणारा आडवा लोखंडी भाग) आहे, त्यात स्प्रिंग वेगळी आणि शॉकअप वेगळा, म्हणून हे काम सोपं. जागा सपाट आणि पक्की हवी, मातीवर किंवा उतारावर नाही. पुढच्या दोन्ही चाकांना दोन्ही बाजूंनी लाकडी ठोकळे लावा, गाडी गिअरमध्ये ठेवा, नुसत्या हँडब्रेकवर अजिबात भरवसा नको कारण हँडब्रेक मागच्याच चाकांना असतो आणि तीच तर तुम्ही उचलणार आहात. मग ट्रॉली जॅकने गाडीची मागची बाजू उचलून बॉडीच्या जॅक पॉइंटखाली दोन घोड्या (गाडी पेलून धरणारे लोखंडी स्टँड) लावा. स्टेपनीसोबत येणारा जॅक फक्त चाक बदलायला असतो, त्याच्या भरवशावर गाडीखाली हातसुद्धा घालायचा नाही, आणि विटा रचून त्यावर गाडी ठेवायची तर नाहीच, वीट फुटताना आधी सांगून फुटत नाही. घोड्यांवर गाडी बसली की तिला हाताने जोरात हलवून बघा, हलायची असेल तर ती तुम्ही बाहेर असताना हलू दे.

चाकं काढा आणि दुसरा ट्रॉली जॅक बीमच्या स्प्रिंग बसते त्या टोकाखाली लावून थोडासाच वर घ्या, म्हणजे शॉकअपवरचा ताण जातो. बीम खाली जाऊ नये म्हणून त्याला धरून ठेवणारा शेवटी शॉकअपच असतो, जॅक न लावता शॉकअपचा बोल्ट काढला तर बीम धाडकन खाली येतो आणि ब्रेकची रबरी नळी ओढली जाते. स्प्रिंग निघायला बहुतेक वेळा दोन्ही बाजूंचे खालचे बोल्ट सोडावे लागतात, मग जॅक अगदी हळू उतरवायचा, एक डोळा ब्रेकच्या नळीवर आणि एबीएसची वायर असेल तर तिच्यावर ठेवून. स्प्रिंग हाताने निघते. काढताना कोणतं टोक वर होतं त्याचा फोटो घ्या, रबरी सीट फाटली असेल तर ती पण नवी टाका, आणि नवी बसवताना स्प्रिंगचं टोक सीटच्या खाचेत नीट टेकलंय ना ते बोटाने चाचपून बघा.

सगळ्यात जास्त विसरली जाते ती गोष्ट म्हणजे खालचा बोल्ट गाडी हवेत असताना शेवटपर्यंत कसायचा नाही. बुशचं रबर त्याच स्थितीत पकडलं जातं, गाडी खाली बसली की ते कायम पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं. हाताने लावून घ्या, गाडीचं वजन चाकांवर आल्यावर टॉर्क रेंचने (ठरवलेल्या जोरापर्यंतच कसणारा पाना) मॅन्युअलमधल्या आकड्याप्रमाणे कसा.

आता पुढचं. इथे मॅकफर्सन स्ट्रट आहे, शॉकअपच्या अंगावरच स्प्रिंग दाबून बसवलेली असते आणि मधला नट तिला धरून असतो. गाडी हजार किलोच्या आसपास, त्यातलं जास्त वजन पुढे, म्हणजे गाडी उभी असताना एकेका पुढच्या स्प्रिंगवर अडीचशे किलोहून जास्त भार असतो. स्ट्रट सुटा केल्यावर तो कमी होतो पण संपत नाही. कॉम्प्रेसर (स्प्रिंग दाबून धरणारं हत्यार) न लावता मधला नट काढला तर वरचं माउंटिंग गोळीसारखं सुटतं. मी शिकत होतो त्या गॅरेजमध्ये कॉम्प्रेसरचा एक हुक घसरला होता, माउंटिंग वर गेलं आणि छताच्या पत्र्याला भोक पाडून थांबलं. त्याच्या एक मिनिट आधी आमचा मिस्त्री त्याच जागी वाकून नट बघत होता. तो पत्रा मी अजून विसरलेलो नाही.

म्हणून अर्धं करा म्हणतोय. अख्खा स्ट्रट तुम्ही काढा, स्प्रिंग बदलायला चांगला बेंच कॉम्प्रेसर असलेल्या गॅरेजमध्ये न्या, जोडून आणा आणि परत बसवा. ऑनलाइन मिळणारे दोन हुकवाले स्वस्त कॉम्प्रेसर मी माझ्या मुलाच्या हातात देणार नाही, म्हणून तुमच्याही देत नाही.

काढताना लिंक रॉड सोडा, ब्रेकच्या नळीची आणि वायरची क्लिप काढा, नकलच्या (चाक ज्यावर बसतं तो लोखंडी भाग) दोन बोल्टच्या जागेवर मार्करने खूण करा, नकल खाली लोंबकळू देऊ नका, तारेने बांधून ठेवा. वरच्या नटांबद्दल मात्र सावध. काही गाड्यांत बाजूला छोटे नट असतात ते बॉडीला धरतात आणि मधला मोठा स्प्रिंगला, काही गाड्यांत वरून नुसता मधलाच दिसतो. तुमच्या गाडीत कोणता नट काय धरतो हे वर्कशॉप मॅन्युअलमध्ये वाचल्याशिवाय पाना लावू नका. शॉकअप दोन्ही बाजूंचे एकदमच बदला, लॉकनट नवे वापरा, आणि झाल्यावर व्हील अलाइनमेंट करून घ्या नाहीतर नवे टायर एका बाजूने खाल्ले जातील.

प्रश्न : गॅरेजमधून नवे पुढचे शॉकअप टाकून आणले, तरी स्टिअरिंग वळवताना टणकन आवाज येतो. शॉकअप डुप्लिकेट असतील का? (एक वाचक, रत्नागिरी)

उत्तर : लगेच तसं समजू नका. स्टिअरिंग वळवताना स्प्रिंग स्ट्रटसोबत फिरते आणि ते फिरणं वरच्या बेअरिंगवर होतं, जुनंच बेअरिंग परत टाकलं असेल तर स्प्रिंग अडकते आणि मग एकदम सुटते, तोच टणकन आवाज. गाडी उभी ठेवून कुणाला तरी स्टिअरिंग फिरवायला सांगा आणि तुम्ही स्प्रिंगला हलका हात लावा, अडकून उसळी मारत असेल तर बेअरिंगच. बोटं कॉइलच्या मधे घालू नका. तुमच्याकडच्या खाऱ्या हवेत स्प्रिंगचा खालचा वेढा गंजून तुटतो तेही टॉर्चने बघून घ्या, तुकडा सीटमध्ये लपलेला असतो आणि पटकन दिसत नाही.

प्रश्न : स्पीडब्रेकरला गाडी खाली घासते, स्प्रिंगमध्ये रबरी बफर टाकू का? (एक वाचक, नांदेड)

उत्तर : नको. बफर ज्या वेढ्यांमधे बसतो तिथे स्प्रिंग दबूच शकत नाही, राहिलेल्या वेढ्यांवर ताण वाढतो आणि प्रत्येक धक्का माउंटिंगपर्यंत पोचतो. लाखभर किलोमीटर झालेली गाडी घासत असेल तर स्प्रिंग खचल्या असण्याचीच शक्यता जास्त. सपाट जागी रिकामी गाडी उभी करून चाकाच्या मध्यापासून फेंडरच्या काठापर्यंत चारही बाजूंना मोजा, तसंच तुमच्याच मॉडेलची नवी गाडी कुणाकडे असेल तर तिचंही माप घ्या. फरक दिसला तर कंपनीच्या मापाच्या नव्या स्प्रिंग जोडीने टाका.