‘थोडक्यात वाचलो’ हे सांगायचं कुणाला?

कामाच्या जागी माणसाला माणसासारखं वागवायचं म्हणजे नेमकं काय करायचं, अशा अर्थाची पाच पत्रं या वेळी उत्तरासाठी घेतली आहेत. पत्रलेखकांची आणि कंपन्यांची नावं दिलेली नाहीत.

प्रश्न : आमच्याकडे पत्रा दाबून आकार देणाऱ्या १८ पॉवर प्रेस आणि ८५ माणसं आहेत. दोन्ही हात बाहेर असल्याशिवाय प्रेस चालू नये म्हणून प्रत्येक प्रेसला दोन हातांची बटणं बसवली. तरी एका बटणात लाकडी फाचर ठोकून एकाच हाताने काम चालतं. दंड लावून पाहिला, उपयोग नाही. वर्षभरात दोघांची बोटं गेली. मीटिंगमध्ये विचारलं तर सगळे माना खाली घालतात. वातावरण बदलायचं तर सुरुवात कुठून करू? — भोसरी

दंड आजच बंद करा. दंडामुळे फाचर जात नाही, ती फक्त तुम्ही यायच्या वेळेपुरती खिशात जाते.

फाचर का ठोकली जाते, हे प्रेसजवळ तासभर उभं राहिल्याशिवाय कळणार नाही. जाण्याआधी ऑपरेटरला सांगा, ‘काम अडतंय कुठे ते बघायला आलोय, स्ट्रोक मोजायला नाही.’ मग बघा. बहुतेक ठिकाणी चारपैकी एक कारण सापडतं. जॉब, म्हणजे तयार झालेला भाग, डायमध्ये (साच्यात) चिकटतो आणि तो काढायला हात आत जातो. ब्लँक, म्हणजे पत्र्याचा कापलेला तुकडा, इतकी लहान असते की ती एका हाताने धरूनच ठेवावी लागते. बटणं खांद्याच्या उंचीवर असतात किंवा त्यांची स्प्रिंग कडक असते, आणि पाळीत तीन-चार हजार वेळा ती दाबून मनगटं भरून येतात. चौथं कारण तुमच्या ऑफिसात आहे. इन्सेंटिव्ह स्ट्रोकवर, म्हणजे प्रेस किती वेळा खाली आली त्यावर, मोजला जात असेल, तर अडकलेला जॉब चिमट्याने सावकाश काढणाऱ्याचे पैसे कमी होतात.

पहिल्या कारणाला उपाय टूलरूमचा आहे. जॉब सोडवणाऱ्या स्ट्रिपरची स्प्रिंग तुटली आहे का, पंचाला बर (खरखरीत कडा) आली आहे का, ते बघा. जॉब उडवायला हवेचा नोझल लावा. लहान ब्लँकसाठी सरकता ट्रे किंवा घसरपट्टी करून घ्या, म्हणजे हात डायपर्यंत जायचं कारणच उरत नाही. चुंबकाचा किंवा ॲल्युमिनियमचा चिमटा प्रत्येक प्रेसला साखळीने बांधा, सुपरवायझरच्या कपाटात ठेवू नका. बटणं कोपराच्या उंचीला आणा. आणि जॉब अडकण्यात गेलेली मिनिटं ब्रेकडाउनच्या खात्यात टाका, ऑपरेटरच्या नाही.

आता सगळ्यात महत्त्वाचं. तुमच्या १८ प्रेसपैकी पिन क्लचच्या किती आणि हवेच्या फ्रिक्शन क्लचच्या किती, हे आधी वेगळं करा. पिन क्लचची प्रेस एकदा सुटली की स्ट्रोक पुरा केल्याशिवाय थांबत नाही. तिला महागडा लाइट कर्टन (किरणांच्या आड हात आला की मशीनला थांबायला सांगणारा पडदा) लावला तरी रॅम, म्हणजे प्रेसचा वरून येणारा भाग, खाली येणारच. शिवाय पिन किंवा तिची स्प्रिंग झिजली तर बटण किंवा पॅडल न दाबता दुसरा स्ट्रोक पडतो. अशा प्रेसला बोट आत जाणारच नाही असा पक्का गार्ड हवा, दुसरा मार्ग नाही. फ्रिक्शन क्लचची प्रेस मध्येच थांबवता येते, म्हणून तिला लाइट कर्टन चालतो, पण अंतर मोजून. मानकात हाताचा वेग सेकंदाला २ मीटर धरतात. प्रेस थांबायला ०.२ सेकंद लागत असतील तर तेवढ्यात हात ४० सेंमी पुढे जातो. म्हणून कर्टन डायपासून निदान तेवढा लांब हवा, आणि त्याच्या किरणांमधल्या फटीसाठी वर आणखी अंतर धरावं लागतं. ब्रेक लायनर झिजला की थांबायचा वेळ वाढतो, म्हणून तो वेळ दर सहा महिन्यांनी तरी मोजा. डाय बदलताना रॅमखाली ठोकळा, मेन स्विचला कुलूप आणि किल्ली डाय बसवणाऱ्याच्याच खिशात.

हे सगळं मशीनचं झालं, तुम्ही तर वातावरणाचं विचारलं होतं. पण फाचर ठोकल्याचा दंड भरलेला माणूस मीटिंगमध्ये तोंड उघडेल कशाला? आधी तीन प्रेसवरची अडचण दूर करा, मग त्याच तीन ऑपरेटरना विचारा, आणखी कुठे थोडक्यात वाचलात? इथून बोलणं सुरू होतं.

त्यासाठी पोस्टकार्डाएवढं कार्ड छापा. त्यावर तीनच ओळी : कुठे, काय झालं, काय होऊ शकलं असतं. नाव लिहायची सक्ती नको. ज्याला लिहायला जमत नाही त्याच्यासाठी सुपरवायझरने लिहून घ्यावं. २४ तासांत कुणीतरी त्या जागी जाऊन बघितलंच पाहिजे, आणि काय ठरलं ते लाइनजवळच्या फळ्यावर लागलं पाहिजे. सुपरवायझरचं पहिलं वाक्य ‘कुणाला लागलं का?’ असावं. ‘कोणी केलं?’ हा पहिला प्रश्न एकदा जरी निघाला, तरी पुढची कार्डं येणं थांबतं.

पहिल्या तीन महिन्यांत कार्डं वाढली तर घाबरू नका, धोके तेवढेच आहेत, आता ते दिसू लागलेत. मात्र ‘प्रत्येक विभागाने महिन्याला पाच कार्डं द्यावीत’ असं टार्गेट लावू नका. ‘फरशीवर तेल सांडले होते’ अशी एका हस्ताक्षरातली पाच कार्डं महिनाअखेरीस मिळतील.

गेटवरच्या ‘अपघाताविना इतके दिवस’ या फलकाबद्दल आमचं मत स्पष्ट आहे : त्याला बक्षीस जोडलेलं असेल तर तो काढा. सगळ्यांची मिठाई आपल्यामुळे जाऊ नये म्हणून माणूस कापलेलं बोट रुमालात गुंडाळून पाळी पुरी करतो. नाहीतर त्याला गुपचूप खाजगी दवाखान्यात नेतात आणि ईएसआयला (कर्मचारी राज्य विमा) अपघाताची नोंद जात नाही. नोंद असेल तर तात्पुरत्या अपंगत्वात विमा असलेल्या कामगाराला पगाराच्या ९० टक्के भत्ता मिळतो. नोंद नसेल, तर सहा महिन्यांनी बोट आखडलं की तो अपघात कामावरच झाला हे सिद्ध करत फिरावं लागतं. कामावर जखमी झालेल्याला बरा होईपर्यंत पूर्ण पगार द्यावा, ही मागणी मुंबईच्या गिरणी कामगारांनी नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने १८८४ साली केली होती. साडेपाच हजार जणांनी त्या निवेदनावर सह्या केल्या होत्या. आज बराचसा हक्क कायद्यात आहे आणि तो बुडतो एका न भरलेल्या फॉर्मपायी.

प्रश्न : मी एचआरमध्ये आहे. सूचनापेटी ठेवून दीड वर्ष झालं, त्यात आतापर्यंत अकरा चिठ्ठ्या आणि काही गुटख्याच्या पुड्या. शिवाय आमची निम्म्याहून जास्त माणसं कंत्राटी आहेत, ती तर पेटीकडे फिरकतही नाहीत. — वाळूज, छत्रपती संभाजीनगर

त्या अकरा चिठ्ठ्यांचं काय झालं? उत्तर तिथेच असावं. पेटीला कुलूप, किल्ली एचआरकडे, महिन्यातून एकदा उघडायची आणि निर्णय समितीकडे, अशा रचनेत लिहिणाऱ्याला कधीच काही परत कळत नाही.

पेटी काढून लाइनच्या टोकाला फळा लावा. रकाने चार : सूचना, कोणाकडे, उत्तर, तारीख. उत्तर सात दिवसांत, ‘होय’, ‘नाही’ किंवा ‘अमुक तारखेला सांगतो’. ‘नाही’ असेल तर ते फळ्यावर लिहिण्याआधी सुपरवायझरने त्या माणसाला भेटून कारण सांगायचं. कारण पटलं नाही तरी चालतं, पण विचारणारा आला होता हे लक्षात राहतं.

दुसरी गोष्ट पैशांची. लाइन सुपरवायझरला कुणाला न विचारता एका सूचनेवर ₹२,००० पर्यंत खर्च करता आला पाहिजे. बहुतेक सूचना एवढ्यातच बसतात : स्पॅनर टांगायला हुक, ट्रॉलीचं चाक, डोक्यावरचा दिवा, पायाखाली लाकडी पाट. याला परचेसच्या तीन सह्या लागल्या की दिवाळी उलटते आणि चाक तसंच कुरकुरत राहतं. ज्याने सुचवलं त्याला मेंटेनन्सवाल्याबरोबर दोन तास द्या, म्हणजे वस्तू हवी तशी होते. बक्षीस द्यायचं तर अमलात आलेल्या प्रत्येक सूचनेला सारखीच छोटी रक्कम द्या. बचतीच्या टक्केवारीवर दिलं की सूचना कुणाची यावरून भांडणं लागतात.

कंत्राटी कामगारांचं दुखणं मात्र पेटीचं नाही. फळा लावण्याआधी एक पाळी गेटपासून त्यांच्यामागे फिरा. चहा त्यांना त्याच किटलीतला मिळतो का? बूट त्यांच्या मापाचे आहेत, की ठेकेदाराने आठ नंबरचे एकगठ्ठा आणलेत? हेल्मेटवर नाव आहे की नुसता ठेकेदाराचा रंग? पगार कंत्राटाप्रमाणे वेगळा असेल, पण पिण्याचं पाणी, स्वच्छतागृह, प्रथमोपचार, सुरक्षा साधनं आणि रात्रपाळीची बस यात भेद करायला कुठलंच कारण नाही. सोयी पुरवण्याची आणि ठेकेदाराने पगार थकवला तर तो देण्याची जबाबदारी मूळ मालकावर असते. खर्च अंदाजपत्रकात कुठे घालायचा, याचं उत्तर अकाउंट्सला इथेच मिळेल. बूट आणि गॉगल ठेकेदाराच्या बिलातून काढून स्वतःच्या स्टोअरमधून द्या, अर्धी तक्रार मिटते.

आणि ज्याचा करार पुढच्या महिन्यात संपतोय तो आज फळ्यावर तक्रार लिहिणार नाही, हेही गृहीत धरा. त्याचं ऐकायचं तर करार वाढवण्याच्या निर्णयात नसलेल्या माणसाने ऐकलं पाहिजे. सेफ्टी ऑफिसर चालतो, कॅन्टीनच्या रांगेत उभा राहिला तर आणखी चांगलं.

प्रश्न : फाउंड्रीत (धातूच्या ओतकामाच्या कारखान्यात) नुकताच सुपरवायझर झालोय. माझं वय २६, मोल्डिंगवरचे मामा पन्नाशीचे. ओरडल्याशिवाय काम होत नाही असं वरचे म्हणतात. ओरडायला जीभ वळत नाही. — गोकुळ शिरगाव, कोल्हापूर

न वळलेलीच बरी. भट्टीच्या आवाजात ओरडणं तसंही कुणाला ऐकू जात नाही, ज्याला ऐकू जातं तो वरमतो आणि रिजेक्शन लपवायला शिकतो.

पाळी सुरू होताना सात मिनिटं उभ्याने बोला, रोज, त्याच जागी. आधी काल कुठे धोका झाला, मग कालचं रिजेक्शन, मग आजचं काम. शेवटची दोन मिनिटं गप्प राहा. पहिले आठ-दहा दिवस कुणी बोलणार नाही, ती शांतता तुम्ही भरू नका. रिजेक्शनबद्दल बोलताना कास्टिंग हातात घेऊन जा. ‘ब्लोहोल (हवेचं भोक) का आला असेल, मामा?’ असं विचारलंत तर साच्याच्या वाळूच्या ओलाव्यापासून आतल्या गाभ्यातून हवा निघायच्या वाटेपर्यंत सगळं ऐकायला मिळेल. वयाचा मान ठेवूनही नियम ढिला करू नका. ओतकामात गॉगल आणि गेटर्स (पाय झाकणारी आवरणं) नसतील तर वितळलेल्या धातूचा लॅडल उचलायचा नाही, मग मामा असोत की मालकाचा पुतण्या.

उकाड्याचं नियोजन मात्र तुमच्या हातात आहे आणि त्यातून माणसं तुम्हाला ओळखतील. भट्टीजवळ दर १५ ते २० मिनिटांनी एक पेलाभर पाणी, तहान लागायची वाट न बघता, आणि पाणी कामाच्या जागीच, कॅन्टीनमध्ये नाही. नवीन माणसाला पहिल्या दिवशी पाळीच्या २० टक्केच वेळ उष्णतेत ठेवा, मग रोज २० टक्के वाढवा. लग्नसराईत दोन आठवडे गावी जाऊन आलेल्या जुन्या हातालाही पहिल्या दिवशी ५०, मग ६०, ८० आणि चौथ्या दिवशी पूर्ण. शरीराची सवय सुट्टीत मोडते. ‘मामांना काय, जन्म गेलाय भट्टीवर’ असं म्हणत मे महिन्यात पहिल्याच दिवशी पूर्ण पाळी लावली जाते आणि चक्कर येते ती अशीच. चक्कर येऊन बोलणं असंबद्ध झालं, तर सावलीत आणा, अंगावर पाणी ओता, वारा घाला आणि लगेच अँब्युलन्स बोलवा. शुद्ध हरपत असताना तोंडात पाणी ओतू नका.

प्रश्न : असेंब्ली लाइनवर आम्ही ४० मुली आहोत. टॉयलेट नियमाप्रमाणे आहेत असं कंपनी म्हणते, पण लाइन सोडता येत नाही म्हणून आम्ही पाणीच कमी पितो. टेबलही उंच आहे, संध्याकाळी खांदे दुखतात. — चाकण

नियम साधारण दर २५ स्त्रियांमागे एक स्वच्छतागृह असं सांगतो, तिथपर्यंत जायला माणूस सोडायचा कसा ते सांगत नाही. म्हणून मागणी नेमकी करा : लाइनवर एक रिलीव्हर, जिला सगळ्या स्टेशनांचं काम येतं. हात वर करायचा किंवा दिवा लावायचा, कारण सांगायचं नाही, परवानगी मागायची नाही. कंपनी म्हणेल एक माणूस वाया जातो. सांगा, उरलेल्या वेळात ती पार्ट भरते, री-वर्क करते, आणि कुणी गैरहजर असेल त्या दिवशी लाइन वाचवते. किती जणींना लघवीच्या संसर्गामुळे सुट्टी घ्यावी लागली, हे ओएचसीच्या (कंपनीतल्या आरोग्य केंद्राच्या) डॉक्टरांना नावं न घेता मोजायला सांगा. पॅड टाकायला झाकणाचा डबा आणि आतून लागणारी कडी, हेही त्याच पत्रात लिहा.

टेबलाचं माप सोपं आहे. उभ्याने हलकं जोडकाम असेल तर कामाची उंची कोपराच्या ५ ते १० सेंमी खाली हवी. टेबलाची नाही, कामाची : वर फिक्स्चर (जोडायचा भाग धरून ठेवणारी चौकट) १५ सेंमीचं असेल तर टेबल तेवढं खाली जायला पाहिजे. उंची उंच मुलीच्या मापाने ठेवून बाकीच्यांच्या पायाखाली रुंद, न घसरणारा पाट द्यावा. उलटं केलं तर उंच मुलीची कंबर जाते. पाट पूर्ण पाऊल टाकता येईल एवढा हवा, नाहीतर अडखळून पडण्याचा नवा धोका तयार होतो.

रात्रपाळीची बस आणि छेडछाडीची तक्रार याबद्दल पत्रात शेवटी, वर न छापलेली, एक ओळ आहे. दहा किंवा जास्त कर्मचारी असलेल्या ठिकाणी लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी अंतर्गत समिती बंधनकारक आहे, अध्यक्ष स्त्रीच असते, तक्रार तीन महिन्यांच्या आत लेखी द्यायची असते आणि कंत्राटी मुलींनाही तो हक्क आहे. समितीतल्यांची नावं आणि फोन नंबर बसमध्ये लावायला सांगा.

प्रश्न : कर्मचाऱ्यांसाठी वर्षाला दीड लाखाचं बजेट मिळालंय. वाढदिवसाचे केक, सहल की टी-शर्ट? — सातपूर, नाशिक

सहल एकवेळ ठीक. पण ठरवण्याआधी चेंजिंग रूममध्ये जा आणि लॉकरच्या कड्या, पंखे आणि हात धुवायच्या नळाला साबण आहे का ते मोजा. जे तुटलेलं असेल ते आधी दुरुस्त करा. उरलेल्या पैशांचं काय करायचं ते तिन्ही पाळ्यांना विचारा. रात्रपाळीला विचारायला रात्री जा, सकाळी थांबवून ठेवू नका.