हेगच्या न्यायालयात युद्धगुन्ह्यांच्या आरोपींना वकील कशाला? आणि तो स्वतंत्र असतो का?

तुम्ही दोन गोष्टी विचारल्या आहेत. नरसंहाराचा आरोप असलेल्यांच्या बचावावर वेळ आणि पैसा का घालवायचा, आणि वकिलाची फी न्यायालयच देत असेल तर तो स्वतंत्र कसा?

मी सत्र न्यायालयात आरोपींच्या बाजूने उभी राहते, त्यामुळे पहिला प्रश्न मला नेहमीचाच आहे. कसाबला वकील नेमला तेव्हा मुंबईत किती संताप उसळला होता, ते अनेकांना आठवत असेल. तो संताप मला कळतो. तरीही माझं मत ठाम आहे की अशा खटल्यात स्वतंत्र वकिलाची गरज आरोपीपेक्षा न्यायालयाला जास्त असते.

दुसऱ्या महायुद्धानंतर नाझी नेत्यांवर चाललेल्या न्यूरेंबर्ग खटल्याचंच घ्या. स्मोलेन्स्कजवळच्या कातिनच्या जंगलात सप्टेंबर १९४१ मध्ये जर्मनांनी ११,००० पोलिश अधिकारी मारले, असा आरोप सोव्हिएत बाजूने नाझी नेत्यांवर ठेवला होता. पुरावा म्हणून त्यांच्याच आयोगाचा अहवाल होता. न्यायाधिकरणाच्या सनदेनुसार मित्रराष्ट्रांचे असे सरकारी अहवाल वेगळ्या शाबितीशिवाय ग्राह्य धरायचे होते. म्हणजे विषय तिथेच मिटला असता. पण आरोपींपैकी एक असलेला नाझी नेता गोरिंग, त्याचे वकील ओटो श्टामर अडून बसले. साक्षीदार बोलावू द्या, म्हणाले. सोव्हिएत बाजूचा कडाडून विरोध होता, तरी न्यायाधीशांनी दोन्ही पक्षांना तीन-तीन साक्षीदारांची परवानगी दिली.

अहवालात कत्तलीचा ठपका ‘आर्नेस’ नावाच्या अधिकाऱ्यावर आणि ५३७ क्रमांकाच्या बांधकाम तुकडीवर होता. जुलै १९४६ मध्ये साक्षीला उभे राहिले ते कर्नल फ्रीडरिख आरेन्स. त्यांनी सांगितलं की ५३७ ही बांधकाम तुकडी नव्हतीच, ती संदेशवहनाची रेजिमेंट होती, आणि आपण तिथे रुजू झालो तेच मुळी नोव्हेंबर १९४१ मध्ये. निकालपत्रात कातिनचा उल्लेखसुद्धा आला नाही. इतर पुराव्यांवर गोरिंगला फाशीची शिक्षा झालीच, त्यात काही फरक पडला नाही. पण १९९० मध्ये मॉस्कोने कबूल केलं की ते अधिकारी त्यांच्याच गुप्त पोलिसांनी मारले होते. श्टामर गप्प बसले असते तर खुन्यांनीच लिहिलेला अहवाल न्यूरेंबर्गच्या निकालात जाऊन बसला असता, आणि त्या पोलिश कुटुंबांच्या माथी एक खोटा निकाल कायमचा मारला गेला असता. श्टामर यांच्या अशिलाबद्दल मला काडीची सहानुभूती नाही. त्यांच्या त्या अर्जाबद्दल मात्र मनापासून आदर आहे.

आता स्वातंत्र्याचं. आजच्या हेगमधल्या आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयात, म्हणजे आयसीसीत, अभियोक्ता हा न्यायालयाचाच एक घटक आहे. हे न्यायालय ज्या कराराने स्थापन झालं त्या रोम कराराच्या कलम ३४ मध्ये तसं लिहिलेलं आहे. बचाव पक्षाला तसं स्थान नाही. आरोपी वकील निवडतो न्यायालयाच्या यादीतून. यादीत येण्यासाठी किमान दहा वर्षांचा अनुभव आणि इंग्रजी किंवा फ्रेंचवर प्रभुत्व लागतं. (भारत या कराराचा सदस्य नाही, पण आपल्याकडच्या वकिलांना त्यामुळे आडकाठी येत नाही.) आरोपी निर्धन असेल तर फी न्यायालय देतं. खटला कसा लढवायचा हे मात्र न्यायालयाचा कारभार पाहणारं प्रबंधक कार्यालय ठरवू शकत नाही. आपल्याकडे विधी सेवा प्राधिकरणाने नेमलेल्या वकिलाचं असतं तसंच. पण फीचे तास, मदतनिसांची संख्या, तपासाचा खर्च हे सगळं मंजूर करणारा हात दुसऱ्याचा असला की स्वातंत्र्याला बोच लागतेच. लेबनॉनसाठीच्या विशेष न्यायाधिकरणाने बचाव कार्यालयाला अभियोक्त्याच्या बरोबरीचा स्वतंत्र घटक केलं होतं. आयसीसीनेही तेच करायला हवं, असं मला वाटतं.

पैशापेक्षा मोठं संकट वेगळंच आहे. जून २०१२ मध्ये मेलिंडा टेलर ही आयसीसीच्या बचाव कार्यालयातली वकील लिबियातल्या झिंतानमध्ये अशील सैफ अल-इस्लाम गद्दाफीला (लिबियाचा हुकूमशहा गद्दाफीच्या मुलाला) भेटायला गेली, आणि तिला व न्यायालयाच्या तिच्या तीन सहकाऱ्यांना तिथेच डांबून ठेवलं गेलं. सुटका व्हायला जवळजवळ चार आठवडे लागले. अशिलाशी एकांतात बोलणं, त्याचे कागद कुणाला न दाखवणं, एवढं साधं काम असं धोक्यात येतं.

आणि हो, वकीलही घसरतात. काँगोचे माजी उपराष्ट्राध्यक्ष बेम्बा यांच्यावरच्या आयसीसीतल्या खटल्यात बचावाच्या प्रमुख वकिलावरच साक्षीदार फितवल्याचा गुन्हा २०१६ मध्ये सिद्ध झाला. स्वतंत्र असणं म्हणजे कुणालाच जबाबदार नसणं नव्हे, हे आयसीसीने तिथे दाखवून दिलं, आणि ते योग्यच झालं.

राहिला वेळ वाया जाण्याचा मुद्दा. आयसीसीचा पहिला खटला काँगोच्या थॉमस लुबांगाचा, लहान मुलांना सैन्यात भरती करून लढायला लावल्याचा. अभियोक्त्याकडे दोनशेहून जास्त अशी कागदपत्रं होती, ज्यांतली काही आरोपीच्या उपयोगाची असू शकत होती. गोपनीयतेची अट पुढे करून ती बचावाला मिळाली नव्हती. जून २००८ मध्ये न्यायाधीशांनी खटलाच थांबवला. बालसैनिकांच्या वतीनेही वेगळे वकील होते, त्यांच्या अशिलांना हा उशीर किती जड गेला असेल! कागद खुले झाले, जानेवारी २००९ मध्ये सुनावणी सुरू झाली, २०१२ मध्ये लुबांगा दोषी ठरून त्याला १४ वर्षांची शिक्षा झाली. अपील झालं, आणि २०१४ मध्ये दोषसिद्धी आणि शिक्षा दोन्ही कायम राहिल्या.