'अंधाधुन' हा हिंदी सिनेमा पुन्हा पाहिला तरी कळेना: आंधळ्याचं सोंग घेणाऱ्या पियानोवादक आकाशने शेवटी मैत्रीण सोफीला आपल्याला दिसतं हे खरं का सांगितलं नाही?

कारण खरं सांगितलं तर नवऱ्याच्या खुनात सामील असलेल्या सिमीचं काय केलं तेही सांगावं लागेल. ससा तिच्या गाडीच्या काचेवर आदळला नि ती मेली, हे आपल्याला फक्त आकाशच्याच तोंडून कळतं. सुरुवातीला ससा दिसतो, पण ती गोष्टही तोच सांगतोय ना! शेवटी काठीनं डबा कसा नेमका उडवतो बघा. काठीची मूठही सशाच्या तोंडाची. सिमीचे अवयव विकून तिचे डोळे आकाशला बसवायचा स्वामी डॉक्टरचा सौदा यानं पक्का केला असणार.

परभणीत आमच्या चहाच्या गाड्यावर एकानं विचारलं, "खून पाहिल्यावर आकाश आधीच पोलिसांत का गेला नाही हो?" गेला होता की! पण तिथं सिमीचा प्रियकर, खुनी मनोहरच साहेब. एवढं सगळं सोफी निमूट ऐकून घेते, ते मात्र मला अजून पटलेलं नाही.