वाचकांचे प्रश्न: डोंगरउतारावरचं जंगल गेलं कुठे?

प्रश्न: एका डोंगराळ पाणलोटाच्या (उत्तर गोलार्ध) मार्च १९९५ आणि डिसेंबर २०२३ च्या लँडसॅट उपग्रहाच्या प्रतिमांचं वर्गीकरण करून (प्रत्येक पिक्सेल जंगल, गवत की पाणी हे ठरवून) नकाशे ताडून पाहिले. वायव्य उतारांवरचं जंगल गायब आणि तिथे चक्क पाणी दिसतंय! प्रत्यक्षात तिथे एकही तळं नाही. चुकलं कुठे?

उत्तर: ते पाणी नाही, सावली आहे. लँडसॅट सकाळी प्रतिमा घेतो तेव्हा सूर्य आग्नेयेकडे असतो, त्यामुळे वायव्य उतार अंधारात जातात. डिसेंबरात सूर्य आणखी खाली असतो. सावलीतलं जंगल अवरक्त बँडमध्ये (बँड म्हणजे प्रकाशाच्या एका ठरावीक पट्ट्यातली नोंद) पाण्याइतकंच काळं दिसतं. खात्री करायची तर ‘पाणी’ ठरलेल्या पिक्सेलांचा उतार पाहा. २५ अंशांच्या उतारावर तळं साचत नाही.

उपायाची सुरुवात प्रतिमा निवडण्यापासून करा. दोन्ही एकाच हंगामातल्या हव्यात. मात्र नुसती तारीख जुळवून भागत नाही. लँडसॅट-५ ची जाण्याची वेळ वर्षांगणिक सरकत होती, म्हणून मेटाडेटातली (प्रतिमेसोबत येणाऱ्या माहितीतली) सूर्याची उंची आणि दिशाही ताडून पाहा.

त्यानंतर भूरूप-दुरुस्ती, म्हणजे उतारांमुळे पडणारा उजेडाचा फरक काढून टाकणं. ३० मीटरच्या उंची-प्रारूपातून (जमिनीच्या उंचीच्या डिजिटल नकाशातून) उतार आणि उताराची दिशा काढा. त्यावरून सूर्यकिरण आणि उताराचा लंब यांतल्या कोनाची कोसाइन प्रत्येक पिक्सेलसाठी मिळते. नुसत्या कोसाइनने भागण्याची सोपी रीत टाळा: अंधाऱ्या उतारांवर भाजक शून्याजवळ जातो आणि तिथले पिक्सेल भगभगीत पांढरे होतात. त्याऐवजी ‘सी-दुरुस्ती’ वापरा. प्रत्येक बँडचं परावर्तन (जमिनीने परत फेकलेल्या प्रकाशाचं प्रमाण) त्या कोसाइनशी सरळरेषेत जुळवा. रेषेचा छेद भागिले तिचा चढ म्हणजे ‘सी’. परावर्तनाला (सपाट जमिनीसाठीची हीच कोसाइन + सी) ने गुणा आणि (उताराची कोसाइन + सी) ने भागा. जंगल आणि गवत यांची रेषा वेगवेगळी काढा. एकत्र काढली की ‘सी’ दोघांनाही लागू पडत नाही. दुरुस्तीनंतर बँड आणि कोसाइन यांचा सहसंबंध शून्याजवळ आला पाहिजे. कड्यांलगत काळ्या-पांढऱ्या दुहेरी रेघा उमटल्या तर प्रतिमा आणि उंची-प्रारूप एकमेकांवर नीट बसलेले नाहीत.

समोरच्या सुळक्याची पडछाया मात्र कुठल्याही सूत्राने निघत नाही, कारण तिथे थेट ऊन पोचलेलंच नसतं. तो भाग सरळ ‘माहिती नाही’ म्हणून वगळा आणि दोन्ही वर्षांत वगळा.

प्रश्न: दोन्ही नकाशे ८५ टक्के अचूक आहेत. बदलाचा नकाशाही तेवढाच धरायचा का?

उत्तर: नाही. चुका परस्परांपासून स्वतंत्र मानल्या तर ०.८५ गुणिले ०.८५, म्हणजे जेमतेम ७२ टक्के. खरा बदल पाच टक्क्यांचा असेल तर तो या चुकांत बुडून जातो. म्हणून बदलाचीच वेगळी तपासणी करा: ‘जंगल घटलं’, ‘जंगल वाढलं’, ‘तसंच आहे’ अशा प्रत्येक वर्गातून यादृच्छिक बिंदू घ्या, लहान वर्गातूनही निदान ५०, आणि दोन्ही काळांच्या स्पष्ट प्रतिमांवर ते डोळ्यांनी पाहा. क्षेत्रफळही पिक्सेल मोजून सांगू नका. या बिंदूंवरून दुरुस्त करून, त्रुटीच्या मर्यादेसह द्या.